तूप-खोबरेल वाढवलं आणि वजन उलट चढलं. चांगली फॅट नक्की किती आणि कशी खायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरची, राजारामपुरीत राहते. वय ४३, उंची पाच फूट दोन इंच, वजन आज सकाळी ७६ किलो. गेले चार महिने वजनासाठी धडपडतेय आणि आता खरंच गोंधळलेय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

सुरुवातीच्या तपासणीत वजन ७४ होतं, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १२८. डॉक्टर म्हणाले, गोळी लगेच नको, सहा महिने खाणं आणि चालणं सुधारा. नेमकं काय सुधारायचं ते विचारायचं राहून गेलं, बाहेर पेशंटची रांग होती.

मी घरी येऊन पहिलं काम केलं ते तेल बंद. भाज्या पाण्यावर, कूट बंद, दुधावरची साय बंद, रविवारच्या मटणातल्या फक्त फोडी धुऊन घ्यायच्या. सहा आठवड्यांत दीड किलो उतरलं. पण अकरा वाजले की पोटात नुसता खड्डा पडायचा. ऑफिसात चहाबरोबर खारी, टोस्ट, नाहीतर मारीचा पुडा. रात्री जेवल्यावर तासाभरात परत डबे उघडायची. घरात ती पाण्यावरची भाजी कुणी तोंडात घालेना, मग रोज दोन-दोन कालवणं.

मग जिमला जाणारा भाचा म्हणाला, "मामी, फॅट खाल्ल्याशिवाय फॅट जळत नाही. मेटाबॉलिझम सुरू व्हायला पायजे." त्यानं मोबाईलवर चार व्हिडिओ दाखवले. मला पटलं, कारण भुकेनं जीव गेला होता. रोज सकाळी कॉफीत दोन मोठे चमचे तूप, दुपारी जेवणाआधी एक मोठा चमचा खोबरेल, दिवसभरात मूठभर बदाम-काजू (नंतर काट्यावर ठेवून बघितले, ५० ग्रॅम भरले). भूक खरंच कमी झाली, हे मी प्रामाणिकपणे सांगते. अकराची खारी आपोआप सुटली. पण सात आठवड्यांत ७२.५ वरून ७६! आणि एलडीएल १५६. रिपोर्ट हातात घेऊन लॅबच्या पायरीवर बसूनच राहिले.

आता घरचं सांगते. आम्ही चौघं. शेंगतेल घाण्यावरनं आणतो. पाच लिटरचा डबा १ तारखेला फोडला, २७ ला रिकामा. स्वयंपाक सकाळी सासूबाई करतात, त्यांचं वय ७१ आणि हाताला चव अशी की पाहुणे त्यांच्या रश्श्यासाठी येतात. त्यांची तेलाची एक पितळी पळी आहे. परवा कुणी नसताना ती खोकल्याच्या औषधाच्या १० मिलीच्या टोपणानं मोजली. साडेचार टोपणं भरली! एका भाजीला एक पळी, मटणाला तीन. त्यांना काही म्हणावं तर त्या म्हणतात, तेल सुटल्याशिवाय मसाला भाजला असं म्हणत नाहीत. आणि ते चूकही नाही, कच्च्या कांदा-लसूण मसाल्याचा रस्सा कसा लागतो ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

मला एवढंच कळून घ्यायचंय: फॅटनं वजन उतरतं हे खरं की खोटं? उतरत असेल तर माझं का चढलं? शेंगतेल, तूप, खोबरेल, जवस यातलं काय ठेवू? आणि घरात भांडण न होता पळी कशी लहान करू?

रोज पहाटे रंकाळ्याला एक फेरी चालते. थायरॉईड नॉर्मल आहे.

---

प्रतिसाद: तालमीतला नातू

ताई, तूप-बदामाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमचे आजोबा पैलवान होते. त्यांचा खुराक म्हणजे गंगावेशीत समोर धार काढून दिलेलं म्हशीचं दूध, थंडाईत घोटलेले बदाम आणि वर तूप. पण पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग हौद्यात लढत, संध्याकाळी परत मेहनत. वडिलांनी पंचविशीत कुस्ती सोडली आणि दुकानात बसायला लागले. मेहनत सुटली, खुराक तोच राहिला. पाच वर्षांत पोट सुटलं आणि पन्नाशीत शुगर लागली. घरात हे डोळ्यानं बघितलंय. तूप वाईट नाही, पण ते कुणाच्या अंगात जातंय ते बघावं लागतं.

---

प्रतिसाद: आहारतज्ज्ञ, सांगली

ताई, तुमच्या दोन्ही प्रयोगांत एकेक गोष्ट बरोबर निघाली आहे, ती धरून ठेवू.

आधी वजन का चढलं ते. एक ग्रॅम फॅटमधून ९ कॅलरी मिळतात, पिष्टातून किंवा प्रथिनांतून ४. कॉफीतलं तूप साधारण २५०, खोबरेल १२०, बदाम-काजू २९०. दिवसाला साडेसहाशेच्या वर झाल्या. खारी सुटली तरी भाकरी, भात, कालवण होतं तेवढंच राहिलं. हे सगळं त्यावर चढलं.

फॅटनं मेटाबॉलिझम पेटतं म्हणतात, त्याचंही बघा. अन्न पचवायला शरीराला ऊर्जा खर्च करावी लागते. प्रथिनांच्या १०० कॅलरींमागे २० ते ३० पचनातच जातात, पिष्टाच्या ५ ते १०, आणि फॅटच्या जेमतेम ० ते ३. म्हणजे या कामात फॅट सगळ्यांत मागे. खोबरेलाचं नाव झालं ते मध्यम साखळीच्या, म्हणजे लहान रेणूंच्या आणि लवकर पचणाऱ्या फॅटमुळे. त्या फॅटचं वेगळं काढलेलं तेल दिल्यावर ऊर्जेचा खर्च थोडा वाढल्याचं काही अभ्यासांत दिसलं. पण आपल्या बाटलीतल्या खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं आणि ते बरंचसं लांब साखळीच्या फॅटसारखंच पचतं. शिवाय खोबरेलातली जवळपास नव्वद टक्के फॅट संपृक्त (सॅच्युरेटेड, एलडीएल वाढवणारी), तुपातली साठ टक्क्यांच्या वर. एलडीएल १२८ चं १५६ होण्यामागे हे मोठं कारण असणार.

मग फॅट खायचीच कशाला? कारण तिच्यामुळे जठर सावकाश रिकामं होतं आणि पोट भरल्याची जाणीव टिकते. तुमची अकराची खारी याच कारणानं सुटली. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं फॅटशिवाय नीट शोषली जात नाहीत. पाण्यावर शिजवलेली मेथी तुम्ही खात होतात, पण तिच्यातलं बरंचसं वाया जात होतं. आणि फार कमी फॅटवर वजन झपाट्यानं उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. म्हणून तेल पूर्ण बंद हा रस्ता परत धरू नका.

किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात २००० कॅलरींच्या दिवसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आणि दाणे-बिया ३५ ग्रॅम धरल्यात. तुमच्या डब्याचा हिशेब केला: पाच लिटर म्हणजे सुमारे साडेचार किलो, चार माणसं, २७ दिवस. माणशी रोज ४२ ग्रॅम! आणि यात तूप, खारी, बाहेरची मिसळ धरलेली नाही. तुम्ही स्वतःसाठी २० ते २५ ग्रॅम धरा, म्हणजे तूप धरून पाच छोटे चमचे.

कुठलं? शेंगतेल चालू ठेवा, त्यातली निम्म्याच्या आसपास फॅट एकेरी असंपृक्त आहे, एलडीएलला ती बरी. घाण्याचं असलं तरी कॅलरी तेवढ्याच, हे विसरू नका. तूप बंद नको, गरम भाकरीला एक छोटा चमचा. खोबरेल चमच्यानं पिणं मात्र थांबवा. कमी पडते ती ओमेगा-३ नावाची असंपृक्त फॅट. त्यासाठी रोज मोठा चमचाभर जवस, पण कुटून किंवा दळून. अख्खं जवस बरंचसं तसंच बाहेर पडतं. कोकणातून बांगडा, तारली येते, आठवड्यातून दोनदा रश्श्यात घ्या, तळून नको. काजूऐवजी मूठभर शेंगदाणे, त्यात प्रथिनं १०० ग्रॅमला २५ आहेत आणि दर तुम्हाला माहीतच आहे.

पण हे सगळं कशाच्या तरी बदल्यात. दाणे खाल्ले तर दुपारचा दुसरा वाढा भात गेला. तसं केलं तरच उतरेल.

खारीबद्दल एक. १ जानेवारी २०२२ पासून तेलातल्या आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर (हृदयाला घातक फॅट) २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी खारीतली संपृक्त फॅट आणि मैदा जागेवरच आहेत. भूक लागलीच तर भाजके फुटाणे.

एलडीएल तीन महिन्यांनी परत तपासा आणि १५६ चा रिपोर्ट डॉक्टरांना आत्ताच दाखवा, तेवढी वाट बघू नका.

---

प्रतिसाद: कट-वाली

पळीचं मी सांगतो. आमच्यात पण हेच होतं. मसाला पूर्ण तेलातच भाजायचा, त्यात काटकसर नाही. रस्सा उकळून खाली उतरवला की पाच मिनिटं हलवायचा नाही, कट वर येतो. तो पळीनं काढून वाटीत ठेवायचा. ज्याला पायजे त्यानं वरनं घ्यायचा. सासूबाईंना कुणी काही म्हणालं नाही आणि माझ्या ताटात तेल आलं नाही. वाटीतला कट दुसऱ्या दिवशी पिठल्याच्या फोडणीला, नवीन तेल नाही घ्यायचं. मटणाचं अळणी पाणी आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेव, सकाळी वर पांढरी साय धरते, चमच्यानं उचलून टाकायची. पांढऱ्या रश्श्याला मात्र इलाज नाही बाई, नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू, सगळीच फॅट. एक वाटी घे आणि थांब.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगलीच्या ताई, बदल्यात हा शब्द मला कुणीच सांगितला नव्हता. भाच्यालाही नाही. तुमचा हिशेब त्याला वाचून दाखवला, तो गप्प ऐकत होता.

तीन आठवड्यांनी लिहितेय. सकाळी नाचणीची भाकरी, एक छोटा चमचा तूप, जवसाची चटणी आणि अंडं. दोनपर्यंत भूक लागत नाही. कट काढायचं मी सासूबाईंना न सांगता सुरू केलं, पण त्यांनी दुसऱ्याच दिवशी पकडलं. मग रिपोर्ट दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. शनिवारी बघितलं तर भाजीच्या फोडणीला पळी अर्धीच भरली होती. वजन ७४.८. डॉक्टरांनी तीन महिने बघू म्हटलंय.

एकच विचारायचं राहिलं. जवस भाजून दळून ठेवलं तर किती दिवस टिकतं? मी महिन्याचं करून ठेवलं, त्याला आता उग्र वास येतोय.

---

प्रतिसाद: आहारतज्ज्ञ, सांगली

तो वास खवट झाल्याचा, ते टाकून द्या. जवसातली फॅट हवेनं आणि उजेडानं लवकर बिघडते. अख्खं जवस डब्यात महिनोन्महिने राहतं, दळायचं मात्र आठवड्यापुरतं, घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीजमध्ये.