सल्ला हवा: आईला अ‍ॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारी चर्चला न्यायचंय

साउदम्प्टनवाली:
नमस्कार मंडळी. आई पहिल्यांदाच इंग्लंडला येतेय, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तिला "खरंखुरं जुनं चर्च, प्रार्थना चालू असताना" बघायचंय. रविवार 29 नोव्हेंबरला अ‍ॅडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीचा काळ, सुरू होतोय असं कळलं. आम्ही दोघी हिंदू, कधी सर्व्हिसला बसलेलो नाही. गेलं तर चालतं का? सॉल्सबरी कॅथीड्रलला जावं की घराजवळच्या चर्चला? साडी नेसली तर विचित्र दिसेल का? आणि प्रसाद देतात तो घ्यायचा ना?

थंडीत_चहा:
बिनधास्त जा. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये दारात कोणी धर्म विचारत नाही. साडी नेसू दे, पण आत थर्मल आणि पायात मोजे हवेतच. दगडी इमारती, हीटर नावाला.

प्रसादाबद्दल मात्र आधीच सांगून ठेवा. माझी आई आली होती तेव्हा मी गाफील राहिलो. सगळे रांगेने पुढे गेले, तीही गेली, ओंजळ पुढे केली. पापुद्र्यासारखी गोल चकती हातावर पडली. तिने ती कपाळाला लावली आणि रुमालात बांधून पर्समध्ये टाकली, घरी सुनेला द्यायला! पाद्रीबाई हलक्या पावलांनी मागे आल्या आणि "इथेच खाता का, नाहीतर मला परत द्या" म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता, पण मला पळता भुई थोडी झाली.

पंचहौदकर:
मी पुण्याचा, पवित्र नाम देवालयात वाढलेला, आता इंग्लंडात. त्यामुळे थोडं सविस्तर.

वर म्हटलंय तो प्रसाद नव्हे, प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या स्मरणार्थ घेतलेली भाकर. बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचं असतं, आणि ती भाकर बाहेर न्यायची नसते. पण म्हणून बाकावर अवघडून बसायची गरज नाही. रांगेत जा, वेदीपाशी दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवा. पाळक समजतात, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. आईंना हे आवडेल.

दुसरं, हा नाताळ नव्हे. आम्ही मराठीत याला आगमनकाळ म्हणतो, आणि चर्चचं वर्ष इथून सुरू होतं. वाट बघण्याचे दिवस. म्हणून पाळकांचा झगा जांभळा, एरवीचं ग्लोरिया हे स्तुतिगीत गाळलेलं, आणि नाताळची आनंदगीतं बहुतेक ठिकाणी अजून राखून ठेवलेली. "ओ कम, ओ कम, इमॅन्युएल" हे गीत आईंना आधी ऐकवून ठेवा. चाल संथ आहे, दुसऱ्या कडव्याला त्या गुणगुणू लागतील. हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या असतात, त्यातली फक्त एक लावतात. पुढे दर रविवारी एकेक वाढते. मधली पांढरी नाताळला.

तारखेची एक गंमत. आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही भारतातली चर्चसंघटना नागपुरात स्थापन झाली ती 29 नोव्हेंबर 1970 ला, आणि तोही आगमनाचा पहिला रविवारच होता.

साउदम्प्टनवाली:
बाप रे, बरं झालं विचारलं. आई नक्की रुमालात बांधणारच होती. मग सॉल्सबरी की जवळचं?

पंचहौदकर:
दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. सॉल्सबरीत संध्याकाळी जी होते ती मिरवणुकीची उपासना. सगळे दिवे बंद. इतका अंधार की शेजारच्याचा हात दिसत नाही. मग पश्चिमेच्या टोकाला एकच मेणबत्ती पेटते आणि तिथून गायनवृंद सरकत सरकत पूर्वेकडे जातो, मागोमाग ज्योती वाढत जातात. जवळजवळ 1,300 मेणबत्त्या. भाषण जवळपास नाहीच; वाचन, गाणं, शांतता. इंग्रजी कळलं नाही तरी काही अडत नाही. ही उपासना एकाहून जास्त संध्याकाळी असते, आणि गर्दी भयंकर. वेळ आणि प्रवेशाची पद्धत कॅथीड्रलच्या संकेतस्थळावर आधी बघा. स्टेशनपासून चालत पाव तास.

पण माझं स्पष्ट मत: एकच करायचं असेल तर सकाळचं जवळचं चर्च. कॅथीड्रलमध्ये तुम्ही प्रेक्षक असता. छोट्या चर्चमध्ये दाराशी कोणीतरी पुस्तक हातात देऊन "मागच्या बाजूला बसा, ऊब आहे" म्हणतं. मागे बसलं की समोरचे उठले की उठायचं, बसले की बसायचं. मध्येच सगळे एकमेकांना हात मिळवत "पीस बी विथ यू" म्हणतील. आईंनी नमस्कार केला तरी उत्तम.

थंडीत_चहा:
दानाची थाळी येते तेव्हा सुटे नाणे ठेवा, नाहीतर नुसती पुढे सरकवा. आता काही ठिकाणी कार्डाचं यंत्रही ठेवतात!

आणि प्रार्थनेनंतर मिळणारा चहा चुकवू नका. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनात गेलेल्या टिळक-रानड्यांचा तिथला चहा केवढा गाजला होता! ख्रिस्ती लोकांकडे चहा घेतला म्हणून ग्रामण्य (जातीतला खटला), प्रायश्चित्त, सगळं रामायण. इथे तसं काही नाही, फक्त चहा पांचट असतो.

साउदम्प्टनवाली:
आईला फोनवर वाचून दाखवलं. म्हणते, सकाळी जवळचं, संध्याकाळी सॉल्सबरी, "एवढ्या लांब आले तर दोन्ही". वर विचारतेय, नारळ न्यायचा का.

पंचहौदकर:
नारळ नको. चकल्या न्या, चहाच्या टेबलावर ठेवायला. दहा मिनिटांत डबा रिकामा होईल.