अवयव न सापडताही विभाज्य कशी?

"अवयवच सापडले नाहीत, तर संख्या विभाज्य हे ठरवलं कसं?" काही मोठ्या संख्या विभाज्य आहेत, म्हणजे मूळ नाहीत, हे त्यांचे अवयव हाती नसतानाही सिद्ध करता येतं; त्यावर हा प्रश्न अगदी रास्त आहे.

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. हिशेबाच्या पट्टीतला प्रत्येक गुणाकार ते नवाच्या ताळ्याने तपासायचे: प्रत्येक संख्येतल्या अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करायची, आणि त्या अंकांचा गुणाकार उत्तराच्या अंकाशी जुळतो का बघायचं. ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच असं नाही, पण चुकला तर चूक नक्की, मग ती कुठे झाली हे सापडो न सापडो. इथेही तसंच. फ्रेंच गणिती फर्मा याच्या नियमानुसार विषम मूळ संख्या 'प' असेल, तर २ च्या (प − १) व्या घाताला 'प' ने भागल्यावर बाकी १ उरते. १५ घ्या: २ चा १४ वा घात १६३८४, भागल्यावर बाकी ४. ३ आणि ५ चं नावही न घेता १५ विभाज्य ठरली!

२ चा ६७ वा घात वजा १, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, ही संख्या फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ मध्ये मूळ मानली होती. १८७६ मध्ये फ्रेंच गणिती ल्यूकासने वेगळ्या कसोटीने ती विभाज्य ठरवली, अवयव न देता. ते १९०३ मध्ये अमेरिकन गणिती कोलने दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७.

पहिल्या अवयवातून १ वजा करून १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने, भागून बघा. नेमके १४४५५८० येतात. त्या २१ अंकी संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवाला हे बंधन आहेच, त्यामुळे शोधाशोध बरीच कमी होते. मी वहीत ताळाही घेतला: दोन्ही अवयवांचा १, गुणाकाराचाही १.