'शहाणपणाची होती' की 'शहाणपणाची ठरली'? आणि ड्राफ्ट म्हणजे मसुदा का?

फाल्कनवेडा

मंडळी, अडचण आहे, मदत करा. आमच्या इथल्या मराठी मंडळाचा संक्रांत अंक निघतोय, त्यात मी अटलांटा फाल्कन्स या फुटबॉल संघावर दोन पानं लिहिली. (फुटबॉल म्हणजे इथला, अंडाकृती चेंडूचा. हातात धरून पळतात त्याला फुटबॉल का म्हणायचं, यासाठी कृपया वेगळा धागा काढा.) विषय आम्हा चाहत्यांचा कायमचा भांडणाचा: २०२४च्या ड्राफ्टमध्ये (म्हणजे नव्या खेळाडूंच्या संघांमधल्या वाटपात) आठव्या क्रमांकावर मायकल पेनिक्सला घेतलं, ते बरोबर की चूक?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. त्या मार्चमध्ये कर्क कझिन्स या मुरलेल्या क्वार्टरबॅकशी (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा, मैदानात एका वेळी एकच लागतो) आमच्या संघाने चार वर्षांचा १८ कोटी डॉलरचा करार केला. त्यातले १० कोटी हमखास. सहा आठवड्यांनी ड्राफ्ट झाला आणि पहिल्याच फेरीत घेतला कोण, तर अजून एक क्वार्टरबॅक. म्हणजे नवा फ्रिज आणला आणि त्याचे हप्ते सुरू व्हायच्या आत दुसरा फ्रिज. सगळ्यांना वाटत होतं की बचावाला माणूस घेतील. कझिन्सलाही शेवटच्या क्षणी कळवलं.

मी लिहिलं होतं: 'ड्राफ्टमधली ही निवड शहाणपणाची होती.' प्रूफ आलं त्यात वाक्य असं: 'मसुद्यातील ही निवड शहाणपणाची ठरली नाही.'

मसुदा! जणू पेनिक्स कुठल्या करारनाम्याच्या कच्च्या प्रतीत सापडला. संपादकबाई म्हणतात की 'होती' हे इंग्रजी वळण, मराठी माणूस 'ठरली' म्हणतो. आणि २०२५च्या नोव्हेंबरात पेनिक्सचा डावा गुडघा गेल्यावर त्यांच्या यजमानांनी (तेही माझ्यासारखेच फाल्कन्सचे मार खाल्लेले चाहते) पुढे 'नाही' जोडलं. मला 'होती'च हवंय. मी चुकतोय का?

कोशवाचक

मसुद्याचं आधी. तुमच्या बाईंनी इंग्रजी हाकलून अरबी आणलंय. मसुदा अरबी 'मुसव्वदा'वरून, मूळ धातू काळेपणाचा. मुसव्वदा म्हणजे काळं केलेलं. आपण 'कागद काळे केले' म्हणतो, तेच. उलट इंग्रजी ड्राफ्टच्या मुळाशी आहे ओढणे. गटातून काही माणसं ओढून काढायची, म्हणून सैन्यभरतीलाही ड्राफ्ट आणि खेळाडूंच्या वाटपालाही. बँकेच्या ड्राफ्टला 'धनाकर्ष' ज्याने सुचवलं त्याला हे नीट कळलेलं होतं, आकर्ष म्हणजे ओढणंच. त्या न्यायाने तुमचा तो 'नराकर्ष'.

नलूताई_डोंबिवली

नराकर्ष हा जुन्या संगीत नाटकातला राक्षस वाटतो हो.

अहो, याला आपल्याकडे शब्द आहे की! टीम पाडणे. चाळीत आम्ही रोज संध्याकाळी टीम पाडायचो. दोन कॅप्टन समोरासमोर, आणि आळीपाळीने एकेक जण उचलायचा. पहिला मागितला जायचा तो खूश, शेवटी उरायचा त्याचं तोंड एवढंसं. तुमच्या अमेरिकेतही हेच ना चाललंय?

फाल्कनवेडा

अगदी हेच, नलूताई. फक्त कॅप्टन ३२, फेऱ्या सात आणि जो संघ मागच्या वर्षी सगळ्यात जास्त हरला त्याला पहिली मागणी. शेवटी उरणाऱ्याचं तोंड तिथेही एवढंसंच होतं, त्याला चक्क 'मिस्टर इररेलेव्हंट' अशी पदवी मिळते. २०२२ साली २६२वा, म्हणजे सगळ्यात शेवटचा, ब्रॉक पर्डी होता. तो पुढे सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला.

शुद्धमती

'टीम पाडणे' यात टीम कुठल्या खेड्यातली? 'निवडसभा' म्हणा, सोपा शब्द आहे. नवा शब्द आधी टोचतोच. आज महापौर म्हणताना कुणाला सावरकर आठवतात? क्वार्टरबॅकलाही काहीतरी काढायला हवा.

ओंकारेश्वर_पूल

काढा ना. 'चतुर्थांशपश्च'. मैदानात हाक मारून बघा.

बीडवाला

मी फुटबॉल बघत नाही, पण हे वाचून आमच्याकडचा शब्द आठवला. उचल. नलूताई नकळत म्हणून गेल्या की 'उचलायचा'. आमच्याकडं ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता. हंगामाच्या आधी मुकादम त्यांना पैसे देतो, ती उचल. एकदा उचल घेतली की हंगामभर त्याच मुकादमाचे, तो नेईल त्या कारखान्यावर. हा तुमचा पोरगा निवडला गेला की त्याला दुसऱ्या संघाशी बोलता येतं का?

फाल्कनवेडा

नाही. ज्याने घेतलं त्याच्याशीच करार. पहिल्या फेरीतला असेल तर चार वर्षं, आणि पाचवं वर्ष संघाच्या मर्जीवर. सही करताना मोठी रक्कम आगाऊ.

बीडवाला

मग उचलच की.

शुद्धमती

काहीतरीच! कोट्यवधी डॉलर घेणारा खेळाडू कुठे आणि कर्जात बुडालेला ऊसतोड कामगार कुठे. शब्दाला इतिहास असतो, वेदना असते. ती उपसून टीव्हीवरच्या तमाशाला चिकटवू नका.

बीडवाला

ताई, वेदना आमची आहे, शब्द पण आमचाच आहे. मी रक्कम सारखी म्हटली नाही, बांधणी सारखी म्हटली. आणि उलट फरक सांगू का? कोयत्याला मुकादम निवडता येतो, निदान म्हणायला तरी. तुमच्या पोराला संघ निवडता येत नाही.

कोशवाचक

बीडवाल्यांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. हा ड्राफ्ट सुरू झाला १९३६ साली, बर्ट बेल या संघमालकाच्या सूचनेवरून. त्याचाच फिलाडेल्फिया ईगल्स तळाला होता, म्हणून पहिली निवड त्यालाच मिळाली. त्याने घेतला जे बरवँगर. पण पैशावरून जमलं नाही आणि तो व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. ड्राफ्टच्या इतिहासातला पहिलाच गडी उचल न घेता घरी बसला.

फोंड्याचो_गोंयकार

'गडी' शब्द जपून वापरा हो. घाटावर गडी म्हणजे कामाला ठेवलेला माणूस. आमच्या कोंकणीत मात्र खेळाडूला खेळगडो म्हणतात आणि त्यात कसलाच कमीपणा नाही. गोव्यात फुटबॉल (खरा, पायाने खेळायचा) फार जुना आहे, शब्द आमच्याकडून घ्या.

ओंकारेश्वर_पूल

सवंगडी, बालगडी हेही गडीच, त्यात नोकर कुठून आला? बाकी मूळ पोस्टमध्ये 'निवड' आहे, पण अनेक जण 'ड्राफ्ट पिक' असं लिहितात. काहींचा 'पि' ऱ्हस्व, काहींचा दीर्घ. पीक म्हणजे शेतातलं. पिक म्हणजे संस्कृतात कोकिळ. 'फाल्कन्सचा आठवा पिक' म्हणजे ससाण्यांनी कोकिळ पाळल्यासारखं होतं. तरी दीर्घ चालेल एक वेळ. २०२४ला पहिल्या बारा निवडींत सहा क्वार्टरबॅक गेले, त्याला 'यंदा क्वार्टरबॅकचं पीक चांगलं आलं' हे उत्तम मराठी आहे. पक्व, पिकणे, पीक.

फाल्कनवेडा

पूलसाहेब, फुटबॉल बघता वाटतं? छान. पण माझा प्रश्न 'होती' की 'ठरली' हा आहे.

चीजहेड_जोशी

विस्कॉन्सिनहून नमस्कार. तुमच्या बाई निम्म्या बरोबर आहेत. 'ठरणे' हा फार लबाड शब्द आहे. लग्न ठरलं, म्हणजे अजून व्हायचंय. अंदाज खोटा ठरला, म्हणजे सगळं होऊन गेलंय. एकच क्रियापद गोष्टीच्या आधीही उभं आणि नंतरही.

आमच्या ग्रीन बे संघाचं उदाहरण बघा. २०२०च्या ड्राफ्टमध्ये ३०व्या जागेवरून वर सरकून २६व्या क्रमांकावर जॉर्डन लव्ह या क्वार्टरबॅकला घेतलं. का? आमच्याकडे ॲरन रॉजर्स होता की! आम्ही इथे डोकी आपटली. त्यानंतर रॉजर्सने २०२० आणि २०२१ असा सलग दोनदा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. तेव्हा सगळे म्हणाले, निवड मूर्खपणाची ठरली. मग २०२३ला रॉजर्स न्यूयॉर्कला गेला आणि पहिल्याच सामन्यात चार चाली खेळून टाचेची शीर तुटून बसला. इकडे लव्हने डॅलसला त्यांच्या घरी ४८-३२ हरवलं. तेच लोक, तेच तोंड: निवड शहाणपणाची ठरली. ठरून ठरून किती वेळा ठरणार? आणि रॉजर्स स्वतः २००५ला २४व्या क्रमांकावर आला तेव्हा ब्रेट फार्व्ह होताच, त्याच्यामागे तीन वर्षं बाकावर बसला होता. आमच्याकडे ही घराण्याची रीत आहे.

फाल्कनवेडा

जोशीबुवा, हेच! म्हणूनच मला 'होती' हवंय. एप्रिल २०२४मध्ये हातात काय होतं ते बघा. कझिन्स ३५चा, टाचेचं ऑपरेशन झालेला. पेनिक्सचा डावा हात म्हणजे गोफण, पण कॉलेजात उजवा गुडघा दोनदा गेलेला. धोका दोन्हीकडे होता. पुढे काय झालं? कझिन्सने ६-३ (सहा विजय, तीन पराभव) अशी सुरुवात करून दिली आणि मग सलग चार पराभवांत एकही टचडाऊन पास (थेट गुण मिळवून देणारी फेक) नाही, चेंडू मात्र आठ वेळा समोरच्यांच्या हातात. डिसेंबरात त्याला बसवला. तेव्हा पेनिक्स नसता तर कोणाला उभं करणार होते? छत्री घेतली आणि पाऊस आला. आता छत्रीची काडी मोडली म्हणून छत्री घेणं चूक?

ओंकारेश्वर_पूल

१८ कोटींचा रेनकोट घालून छत्री घेतली, हे सांगायचं राहिलं.

चीजहेड_जोशी

आणि त्या जागी बचावाचा माणूस मिळाला असता. ती किंमत छत्रीत धरत नाही तुम्ही. लव्हच्या वेळी आम्हीही धरली नव्हती, म्हणून सांगतो.

नलूताई_डोंबिवली

यालाच 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' म्हणतात. गुडघ्याचं नाव काढलं म्हणून रागवू नका हं, फाल्कनवेडा.

फाल्कनवेडा

नाही रागवत. २८-३ अशी आघाडी घेऊन सुपर बोल हरलेल्या संघाचा चाहता आहे मी, राग केव्हाच आटलाय.

सह्याद्री_७७

'शहाणपण'वर कोणी बोललंच नाही. शहाणा हा शब्द 'शाह'वरून आला, बादशहासारखा वागणारा तो शहाणा. म्हणून त्यात टोमणा आहे. 'फार शहाणा आहेस' हे कधी कौतुक असतं का?

कोशवाचक

टोमण्याचं बरोबर, शाहचं नाही. हिंदीतला सयाना शेजारी ठेवा, दोन्ही संस्कृत 'सज्ञान'कडे जातात. मात्र टोमणा आहे हे खरं, म्हणून मी खेळाडूच्या निवडीला 'शहाणपणाची' म्हणणारच नाही. दीडशहाणा, अतिशहाणा, सगळी वंशावळ कानात वाजते. 'हिशेबी' म्हणा. हिशेब चुकला तरी निवड हिशेबी राहते, आणि तुमचा होती-ठरलीचा पेच निम्मा सुटतो.

शुद्धमती

हिशेब अरबी.

कोशवाचक

चुकला मराठी आहे, ताई.

सह्याद्री_७७

सज्ञानचा 'ज्ञ' गेला आणि 'ह' आला, हे मला पटत नाही. आमचे आजोबा संस्कृतचे शिक्षक होते, ते शाहच सांगायचे.

चीजहेड_जोशी

'ठरणे'चं मूळ पण सांगा कोशवाचक. हिंदीत ठहरना म्हणजे थांबणे. आपल्याकडेही 'नजर ठरत नाही' म्हणतोच. मग 'ठरली' म्हणजे 'थांबली, आता हलत नाही' असं असेल तर खेळाडूची कारकीर्द चालू असताना ते वापरणंच गैर. पेनिक्सचं वय ते काय. अजून काही ठरलं नाही.

कोशवाचक

स्थिरशी नातं लावतात. तुमचा निष्कर्ष सुंदर आहे, पण मराठी माणूस तसं बोलत नाही. पहिल्या चेंडूवर बाद झालेला फलंदाज संध्याकाळपर्यंत 'अपयशी ठरलेला' असतो.

फाल्कनवेडा

मंडळी, प्रूफ उद्या सकाळी परत द्यायचंय. मी 'ड्राफ्टमधली निवड हिशेबी होती' असं करू का? बाईंना फोन केला, त्या म्हणतात 'हिशेबी' म्हणजे कंजूष, आणि १८ कोटी देणाऱ्याला कंजूष कसं म्हणायचं?

नलूताई_डोंबिवली

करा करा. बरं, मला एक सांगा, दुसरा क्वार्टरबॅक नुसता बाकावर बसतो तो कच्चा लिंबूच ना? आमच्या टीममध्ये एक असायचाच. आउट झाला तरी आउट नाही.

फोंड्याचो_गोंयकार

कच्चा लिंबू नाही, लिंबूटिंबू.

नलूताई_डोंबिवली

लिंबूटिंबू म्हणजे हलका, किरकोळ. खेळात घेतलेला पण न मोजलेला तो कच्चा लिंबू. दोन्ही वेगळे. मी कच्चा लिंबू होते, मला माहीत नसेल?

बीडवाला

आमच्याकडं त्याला दूधभात म्हणतेत. 'ह्याचा दूधभात हाय' म्हटलं की कोणी त्याच्यावर राज्य देत नाही.

ओंकारेश्वर_पूल

दूधभात पुण्यातही होता. आणि 'राज्य' हा शब्द कुठून आला, ज्याच्यावर राज्य तो तर सगळ्यांच्या मागे पळत असतो. यावर कोणाकडे काही आहे का?