फोटोग्राफीचा क्लास निवडताना: मास्तर तुमचे फोटो बघतो का?

दिवेघाट

परवा या फोरमवर एका नवख्या मुलीने विचारलं होतं, "सेकंडहँड कॅमेरा घेतलाय, सोबत १८-५५ लेन्स आहे, पुण्यात कुठला क्लास लावू?" त्यावर 'स्वयंशिक्षित' यांनी लिहिलं, "क्लास म्हणजे पैशाची नासाडी. एक्स्पोजर ट्रँगल, म्हणजे लेन्सचं छिद्र (अॅपर्चर), शटरचा वेग आणि उजेडाची संवेदनशीलता (आयएसओ) यांचा मेळ, यूट्यूबवर वीस मिनिटांत कळतो. त्याच पैशात ५० एमएम एफ १.८ लेन्स घे." धडाधड लाइक पडले. मला ते वाचून तिडीक गेली, म्हणून वेगळा धागा काढतोय.

दीड वर्ष मीही व्हिडिओच बघितले. अॅपर्चर, शटर, आयएसओ झोपेतून उठवून विचारलं असतंत तरी सांगितलं असतं. मग माउलींच्या पालखीला दिवेघाटात गेलो. भरून आलेलं आभाळ आणि घाट चढणारी पांढरीशुभ्र रांग. सहाशे फोटो काढले. घरी येऊन बघतो तर सगळे मरगळलेले. वाटलं, उजेडच नव्हता, त्याला कोण काय करणार? कॉम्प्युटरवर उजेड वाढवला तर चेहऱ्यांवर दाणे आले.

दोन महिन्यांनी एक क्लास लावला. सरांच्या राहत्या घरी, आठ जणांची बॅच. पहिल्या रविवारी त्यांनी प्रत्येकाला दहा प्रिंट आणायला सांगितल्या होत्या. माझी प्रिंट टेबलावर ठेवून त्यांनी एका वारकऱ्याच्या धोतरावर बोट ठेवलं.

"हे कुठल्या रंगाचं?"

"पांढरं."

"फोटोत?"

राखाडी होतं. ती प्रिंट मी निदान वीस वेळा बघितली असेन, पण मला दिसलंच नव्हतं. कॅमेऱ्याच्या मीटरला समोर जे येईल ते मध्यम राखाडीच वाटतं. पांढरे कपडे आणि वर उजळ आभाळ असलं की तो फोटो काळवंडून ठेवतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरपेक्षा मुद्दाम जास्त उजेड घेण्याचं सेटिंग, अधिक एकवर न्यायचं, एवढंच काम. यावरचा व्हिडिओ मी तीनदा बघितला होता! तो माझ्याच फोटोंबद्दल बोलतोय हे मात्र एकदाही कळलं नव्हतं.

म्हणून त्या ताईला माझं सांगणं: अभ्यासक्रमाची यादी बघत बसू नकोस, ती सगळीकडे सारखीच असते. फोन करून विचार की बॅचमध्ये किती जण आणि क्लासचे किती तास आमचेच फोटो बघण्यात जातात. सरांचे फोटो बघू नकोस, मागच्या बॅचमधल्या तीन मुलांचे माग. तिन्ही सारखेच दिसले तर तिथे पाऊल ठेवू नकोस. पहिल्याच दिवशी जो नवीन कॅमेरा घ्यायला लावतो त्याच्याकडेही नको.

स्वयंशिक्षित

माझं नाव घेऊन धागा काढलाय तर उत्तर देतो. धोतरावर बोट ठेवायचे किती घेतले सरांनी? बारा हजार? मी नांदेडहून पुण्यात आलो तेव्हा कॉट बेसिसवर राहत होतो, तिथलं चार महिन्यांचं भाडं होतं ते. 'क्लासशिवाय जमत नाही' हे वाक्य मी तेव्हा ऐकलं असतं तर कॅमेरा विकून टाकला असता. मी हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, वाचायला शिकलो आणि पांढरं राखाडी येतंय हे मला आलेखातच दिसलं, बोट ठेवायला कुणी लागलं नाही.

आणि छायाचित्रकार रघु राय सिव्हिल इंजिनीअर होते. त्यांनी कुठला क्लास लावला होता? पुढे मॅग्नममध्ये, छायाचित्रकारांच्या त्या जगप्रसिद्ध संस्थेत, गेलेच ना?

दिवेघाट

रघु राय यांच्या घरातच एस. पॉल होते, त्यांचे थोरले भाऊ, स्वतः मुरलेले छायाचित्रकार. कॅमेरा हातात आला तो त्यांच्याकडे राहत असताना. रघु राय १९६६ साली 'स्टेट्समन' दैनिकात लागले आणि १९७७ साली मॅग्नममध्ये गेले, ते यानंतरचं. छायापत्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिकल्या, पण कॅमेरा शिकल्या माणेकशा व्यारावालांकडून, म्हणजे पुढे झालेल्या नवऱ्याकडून. म्हणजे फोटो बघणारं माणूस दोघांनाही आपल्या जवळच्यांतच मिळालं. आपल्या घरात फोटो दाखवला की आई म्हणते, "छान आलाय, आता जेवायला ये." ज्याच्या घरी एस. पॉल नाहीत त्याने कुणाकडे जायचं?

भाड्याचं म्हणालात ते मात्र मान्य. मी तेव्हा नोकरीत होतो, ते लिहायला हवं होतं.

तिसरी_रांग

दिवेघाट, तुमच्या नशिबाने आठ जणांची बॅच मिळाली. माझं ऐका. फी अठ्ठावीस हजार, हॉलमध्ये चाळीस खुर्च्या, मी तिसऱ्या रांगेत. सहा आठवडे नुसत्या स्लाइड. मग 'मॉडेल शूट'चा दिवस आला. मॉडेल एक, लाइट सरांनी आधीच लावून ठेवलेले, अॅपर्चर-शटरचे आकडे फळ्यावर लिहिलेले. फ्लॅशचा ट्रिगर एकच आणि आमच्या गटात माणसं अठरा. तो ट्रिगर एकाच्या कॅमेऱ्यावरून काढून दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर बसवायचा आणि प्रत्येकाने चार क्लिक मारून पुढे सरकायचं. संध्याकाळी ग्रुपवर अठरा जणांचे फोटो आले. त्यातला माझा कुठला ते मला फाइलच्या नावावरून शोधावं लागलं.

पोर्टफोलिओ म्हणून तोच फोटो घेऊन कामासाठी गेलो. समोरच्याने विचारलं, "लाइट कुठे लावला होता?" मला सांगता आलं नाही. अठ्ठावीस हजार गेल्याचं जितकं वाईट वाटलं नसेल तितकं त्या क्षणी वाटलं.

तेव्हा 'क्लास लावा' असं मोघम सांगू नका. बहुतेक ठिकाणी हेच चालतं.

दुपारची_उन्हं

बॅच लहान असली की सगळं ठीक, असंही नाही. आम्ही सहाच जण होतो, त्यात बाई मी एकटी. फोटो नीट आला नाही की सर माझ्या हातातून कॅमेरा काढून घ्यायचे, खटाखट सेटिंग बदलायचे आणि "आता काढा" म्हणून परत द्यायचे. फोटो छान यायचा. काय बदललं ते कळायचं नाही. मुलांना मात्र "तू बदल, बघ काय होतंय" म्हणायचे. चौथ्या रविवारी मी कॅमेरा सोडलाच नाही. म्हटलं, सर, तोंडाने सांगा, डायल मी फिरवते. जरा चिडले, पण सांगितलं. त्या दिवशी शिकले तेवढं आधीच्या तीन रविवारांत शिकले नव्हते.

त्या ताईने हेही बघावं. एक तास नुसतं बसू देतात का विचारायचं आणि बसलं की मास्तरांच्या हाताकडे लक्ष ठेवायचं.

बार्शीवाला_स्टुडिओ

१९९४ साली स्टुडिओत लागलो. सहा महिने झाडू मारला, प्रिंटा वाळत घातल्या, मग लाइटची छत्री धरायला मिळाली. रोल ३६ फोटोंचा, वाया गेलेल्या फोटोचा हिशेब मालक मागायचे. शंभर आयएसओचा रोल, कडक ऊन, तर अॅपर्चर एफ १६ आणि शटर सेकंदाचा सव्वाशेवा भाग, हे मीटरशिवाय पाठ. अंतरपाट खाली येतो तो क्षण एकदाच येतो, भटजींना 'परत धरा' म्हणता येत नाही. हे शिकवायला कुठल्या क्लासमध्ये अंतरपाट आहे?

आता क्लासची पोरं येतात, तीन महिन्यांचं सर्टिफिकेट दाखवतात आणि पहिल्या दिवसापासून पैसे मागतात. ते एक वेळ सोडा. तीच पोरं बाहेर जाऊन निम्म्या दरात लग्न घेतात. सावधान म्हणायच्या वेळी ती ड्रोनची बॅटरी बदलत असतात. नवरा-नवरीचा हार घालतानाचा फोटो नाही, म्हणून मुलीचे वडील माझ्याकडे येऊन रडलेत. आमचा धंदा या क्लासवाल्यांनी बसवला.

दुपारची_उन्हं

काका, स्टुडिओत झाडू मारायला मुलीला कुणी ठेवलं असतं का १९९४ मध्ये?

बार्शीवाला_स्टुडिओ

नसतं ठेवलं. खोटं कशाला बोलू?

पायवाट

वर दिवेघाट यांनी फार कौतुकाने आमच्या धोतराचा रंग सांगितलाय. आता धोतर नेसणाऱ्याचंही ऐका.

आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे. हल्ली ज्या त्या क्लासच्या जाहिरातीत 'वारी फोटो टूर' असते. सासवडच्या अलीकडे बस थांबते, पंधरा जण उतरतात आणि दिंडीपुढे रस्त्यावर आडवे पडतात. मागून शेकडो माणसं चालत येत असतात, तोल जातो, पखवाजवाला अडखळतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या आजीला एकाने डोक्यावरचं तुळशीवृंदावन खाली ठेवलेलं परत उचलायला लावलं. "आजी, वर बघा. आता हात जोडा. अजून एकदा." एका जागी तीनदा. ती पंच्याहत्तर वर्षांची, पाय सुजलेले, म्हणून टेकली होती. तिने केलं, कारण आल्या-गेल्याला नाही म्हणायचं नसतं असं तिला वाटतं.

पुढे पुण्यातल्या एका प्रदर्शनात माझ्या मामेभावाला तो फोटो लागलेला दिसला. खाली लिहिलं होतं 'श्रद्धा'. माझ्या आजीचं नाव श्रद्धा नाही. तिला नाव विचारायची तसदी कुणी घेतली नव्हती.

पादुकांना नीरा नदीत स्नान घालतात तेव्हा घाटावर काय चालतं ते तर लिहवत नाही. आमच्या बायका अंघोळीला उतरतात आणि पलीकडून लांब लांब लेन्सा रोखलेल्या असतात. हे कुठल्या रविवारी शिकवतात?

स्वयंशिक्षित

बघा. हे क्लासचं फळ. झुंडीने नेतात आणि 'हा अँगल घ्या' सांगतात.

पायवाट

तुम्ही यात अंग काढून घेऊ नका. गेल्या साली घाटावरून ज्याला आम्ही उठवला तो एकटाच आला होता.

तिसरी_रांग

थोडं जास्त होतंय. वारी सार्वजनिक रस्त्यावर चालते. फोटो निघाले नसते तर बाहेरच्या माणसाला वारी काय ते कळलं असतं का? प्रत्येकाला आधी विचारत बसलो तर चेहऱ्यावरचा भाव निघून जातो, मग उरतो पासपोर्ट फोटो.

पायवाट

वारी सातशे वर्षं चालली आहे. तुमच्या लेन्सची वाट बघत थांबली नव्हती.

आणि आधी विचारा असं मी म्हटलंय कुठे? नंतर विचारा. चार पावलं सोबत चाला, गाव विचारा, फोटो दाखवा. नको म्हणाली तर पुसून टाका. तेवढंही जमत नसेल तर 'पोर्ट्रेट' हा शब्द वापरू नका.

दिवेघाट

पायवाट, तुमचा राग समजतो, पण मी कुणाला आडवं पडून अडवलेलं नाही आणि नीरेच्या घाटावर गेलेलो नाही. सगळ्यांना एका माळेत ओवू नका. शिवाय इथे विषय क्लास कसा निवडावा हा आहे, तो भरकटतोय.

दुपारची_उन्हं

भरकटलेला नाही. ती ताई उद्या क्लास लावेल तेव्हा तिलाही कुठल्या तरी बसमधून तिथे उतरवतीलच. मास्तर माणसांशी कसा वागतो हे बघायला नको?

पायवाट

दिवेघाट, एकच विचारतो. सहाशे फोटोंतल्या किती जणांची नावं माहीत आहेत तुम्हाला?

दिवेघाट

काल रात्री उत्तर लिहायला बसलो आणि दोनदा खोडलं. नाव एकाचंही माहीत नाही. ज्या धोतरावर सरांनी बोट ठेवलं त्या आजोबांची प्रिंट माझ्या भिंतीवर चार वर्षं आहे. आम्ही त्या धोतराच्या रंगावर अर्धा तास बोललो. आजोबा कोण, हे सरांनीही विचारलं नाही, माझ्याही मनात आलं नाही.

लहान क्लास चांगला, फोटो बघणारा मास्तर हवा, यावर मी ठाम आहे. पण त्या फोटोत सरांना जेवढं दिसलं तेवढं पुरेसं नव्हतं, हे तुमचं कबूल करतो.

नवखी_२४

मूळ प्रश्न माझा होता. सगळं वाचलं. दोन ठिकाणी फोन केला. पहिल्यांनी सांगितलं, फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, सर वेळ मिळेल तसे बघतील. दुसऱ्या बाई आहेत, घरीच शिकवतात, पाच जणांची बॅच. फी साडेसात हजार, दोन हप्त्यांत चालेल म्हणाल्या. मी मागच्या बॅचचे फोटो मागितले तर एकीचे नुसते रिक्षावाले, एकाचं घरातलं स्वयंपाकघर, एकाचे पावसातले कुत्रे. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. रविवारी दहा प्रिंट घेऊन बसायला बोलावलंय.

वारीचं विचारलं. त्या म्हणाल्या, नेत नाही, ज्याला जायचं त्याने दिंडीतून चालत जावं.

स्वयंशिक्षित

साडेसात हजार आणि हप्ते, मग जा. पण दोन रविवारांत कुणी कॅमेरा हातातून ओढून घ्यायला लागलं तर दुसरा हप्ता देऊ नकोस. आणि ५० एमएम घेच पुढेमागे.

बार्शीवाला_स्टुडिओ

पोरी, शिकून झालीस की एक सीझन बार्शीला ये. झाडू नाही मारायला लावणार. पैसे पहिल्या लग्नापासून देईन, पण अंतरपाटाच्या वेळी कॅमेरा माझा असेल.

पायवाट

दिवेघाट, त्या आजोबांच्या फोटोत पताका, विणेकरी किंवा मागचा ट्रक दिसतो का बघा. ट्रकवर दिंडीचा नंबर लिहिलेला असतो, रथापुढे की रथामागे तेही असतं. नंबर कळला तर विणेकऱ्यांपर्यंत पोचता येतं. माणूस हयात असेल तर शोधून देतो. प्रिंट मात्र तुम्ही स्वतः घेऊन जायची.

दिवेघाट

भिंतीवरच्या फोटोत ट्रकचा कोपरा आलाय. 'रथामागे' एवढं वाचता येतं, आकड्यावर पताका आली आहे. त्याच्या मागचे-पुढचे चाळीसेक फोटो हार्ड डिस्कवर आहेत. आज रात्री सगळे उघडून बघतो.