‘स्थगिती’, ‘मनाई’ आणि ‘जैसे थे’ : एकाच अर्थाने वापरले जाणारे तीन शब्द

विचारणा (मिरज, निवृत्त मराठी शिक्षिका)

माझ्या माहेरच्या सामाईक जमिनीच्या वाटपाचा दावा तासगाव तालुक्यातील आमच्या भावकीत गेली काही वर्षे चालू आहे. मागच्या महिन्यात न्यायालयाने त्यात एक आदेश केला आणि त्याच संध्याकाळी मला तीन फोन आले. धाकटा भाऊ म्हणाला, ‘स्टे मिळाला.’ चुलतभाऊ म्हणाला, ‘मनाई झाली.’ वकिलांच्या कारकुनाने मात्र ‘जैसे थे झाले आहे’ असे सांगितले. तिघेही एकाच कागदाविषयी बोलत होते. वर्तमानपत्रांतही ‘न्यायालयाची स्थगिती’ हे शब्द मी रोज वाचते आणि त्यांतून नेमके काय थांबले, कोणी थांबायचे आणि किती दिवस, यांपैकी काहीच मला उमगत नाही. हे तीन शब्द समानार्थी आहेत काय? नसतील, तर मराठीत त्यांच्या सीमा कशा आखायच्या?

उत्तर (कराड, वृत्तपत्रातील उपसंपादक)

आमच्याकडून हा घोळ होतो, हे आधीच कबूल करतो. मथळ्याला एका स्तंभाची रुंदी असते आणि ‘स्थगिती’ हा शब्द त्यात नेमका बसतो. ‘तात्पुरता मनाई हुकूम’ बसत नाही. शिवाय गावाकडच्या बातमीदाराच्या तोंडी ‘स्टे’ असतो आणि आम्ही त्याचे मराठीकरण म्हणून डोळे मिटून ‘स्थगिती’ करतो. मूळ आदेश कोणता होता, हे पाहण्याइतका वेळ रात्री साडेदहाला नसतो.

उत्तर (सातारा, दिवाणी वकील)

बाई, तीन शब्दांचे तीन अर्थ आहेत आणि ते वेगळे ओळखण्याची एक सोपी खूण आहे : आदेश कोणाला उद्देशून आहे, हे पाहावे. स्थगिती ही बहुतेक वेळा एखाद्या निर्णयाला, हुकूमनाम्याला (दाव्याच्या निकालाच्या आदेशाला) किंवा खालच्या न्यायालयातील कामकाजाला मिळते. मनाई माणसाला होते. ‘प्रतिवादीने वादीच्या वहिवाटीस हरकत, अडथळा करू नये’ ही मनाई आहे, आणि ती मोडणारा माणूस न्यायालयाच्या अवज्ञेचा धनी होतो. सातारा, सांगलीच्या दिवाणी न्यायालयांत दाव्याबरोबरच जो निशाणी ५ चा अर्ज दिला जातो, तो तूर्तातूर्त, म्हणजे दावा चालू असेपर्यंतच्या, मनाईचा असतो. दाव्याच्या निकालात मिळते ती निरंतर मनाई. दोन्हींपैकी एकीलाही स्थगिती म्हणणे चूक आहे, कारण तिथे थांबवायला कोणाचा निर्णयच अस्तित्वात नसतो.

आता ‘स्थगिती’विषयी थोडे विस्ताराने लिहितो. हा शब्द ‘स्था’ धातूवरून, म्हणजे ‘उभे राहणे’ या अर्थावरून आला असावा, असे अनेकांना वाटते. तसे नाही. संस्कृतात ‘स्थग्’ हा वेगळा धातू आहे आणि त्याचा अर्थ झाकणे, आच्छादणे असा होतो. ‘स्थगित’ म्हणजे झाकलेले. हिंदीने त्यावरून ‘स्थगन’ हे नाम घेतले, मराठीने मात्र स्थिती, प्रगती यांच्या चालीवर ‘स्थगिती’ घडवले. व्युत्पत्तीने कायदा ठरत नाही, हे मान्य. पण इथे योगायोगाने धातूचा जुना अर्थ कायद्याच्या अर्थाला चपखल लागू पडतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये श्री चामुंडी मोपेड्सच्या प्रकरणात आदेश रद्द करणे आणि आदेशाच्या अंमलाला स्थगिती देणे यांतील भेद सांगितला. आदेश रद्द झाला की तो करण्यापूर्वीची परिस्थिती परत येते. स्थगितीने तसे होत नाही : स्थगित आदेश स्थगितीच्या दिवसापासून लागू राहत नाही एवढेच, तो पुसला जात नाही. त्यावर झाकण पडते. झाकण काढले, की आदेश जसाच्या तसा खाली असतो.

हा भेद न कळल्याने किती गोंधळ उडतो, याचे ठळक उदाहरण जुलै २०२५ मधले आहे. ११ जुलै २००६ च्या मुंबईतील लोकलगाड्यांमधील बाँबस्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवले होते, त्या बाराही जणांची मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष मुक्तता केली. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, असे मथळे सर्वत्र आले आणि माझ्या कार्यालयात त्या दिवशी आलेल्या प्रत्येक पक्षकाराने ‘म्हणजे ते पुन्हा तुरुंगात जाणार ना?’ असे विचारले. प्रत्यक्षात त्या आदेशाची व्याप्ती मर्यादित होती. सुटलेल्यांनी तुरुंगात परत जाण्याची गरज नाही, असे त्यात स्पष्ट होते; स्थगिती होती ती एवढ्यापुरती, की उच्च न्यायालयाचा तो निकाल अन्य खटल्यांत पूर्वनिर्णय, म्हणजे आधार घ्यायचा दाखला, म्हणून वापरला जाऊ नये. ‘निकालाला स्थगिती’ हे शब्द खोटे नव्हते, अपुरे होते. ‘पूर्वनिर्णय म्हणून वापरास स्थगिती’ असे लिहिले असते, तर निम्मे प्रश्न उद्भवलेच नसते.

उत्तर (कराड, उपसंपादक)

वकीलसाहेब, ‘कशाला स्थगिती’ हा प्रश्न २०२३ मध्ये आम्हाला एकाच प्रकरणात तीनदा पडला होता. राहुल गांधी यांना सुरतच्या न्यायालयाने २३ मार्च २०२३ रोजी बदनामीच्या खटल्यात दोन वर्षांची शिक्षा सुनावली. ३ एप्रिलला शिक्षा स्थगित होऊन त्यांना जामीन मिळाला, तेव्हा एका ज्येष्ठ वाचकाने ‘मग खासदारकी का परत आली नाही?’ असे पत्र पाठवले होते. शिक्षा आणि दोषसिद्धी (दोषी ठरवले जाणे) या दोन गोष्टी आहेत, हे तेव्हा आमच्या अर्ध्या विभागालाही ठाऊक नव्हते. लोकप्रतिनिधित्व कायद्यातील अपात्रता दोषसिद्धीला चिकटलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्टला दोषसिद्धीलाच स्थगिती दिली आणि त्यानंतर ७ ऑगस्टला सदस्यत्व पूर्ववत झाले. तेव्हापासून मी ‘शिक्षेला’ की ‘दोषसिद्धीला’ हे बातमीदाराकडून वदवून घेतल्याशिवाय मथळा करत नाही.

पुन्हा विचारणा (मिरज)

दोघांचीही मी आभारी आहे. आमच्या कागदावर ‘पुढील आदेशापर्यंत उभय पक्षांनी जैसे थे परिस्थिती ठेवावी’ असे आहे. मराठीची शिक्षिका म्हणून मला आधी त्या शब्दाचीच अडचण वाटते. ‘जैसे’ आपल्या जुन्या ओव्यांत सापडते, पण ‘थे’ हे मराठीचे भूतकाळाचे रूप नव्हे; आपण ‘होते’ म्हणतो. हिंदीतून उचललेले हे दोन शब्द आपण विशेषण म्हणून वापरतो आणि कधीकधी तर ‘जैसे थेचा आदेश’ असे त्यांना षष्ठीही लावतो. हे सहन करायचे काय?

दुसरी अडचण व्यवहाराची आहे. त्या रानात ऊस उभा आहे. कारखान्याची तोड आली, तर ‘जैसे थे’ म्हणजे ऊस तसाच वाळवायचा, की दरवर्षी जो तोडतो त्याने तो याही वर्षी तोडायचा?

उत्तर (सातारा, वकील)

व्याकरणाबाबत बाईंचे म्हणणे खरे आहे, पण हा शब्द आता मराठीच्या घरात इतका जुना झाला आहे, की त्याला बाहेर काढणे मला जमणार नाही. ‘यथास्थिती’ हा पर्याय आहे. तो मी एकदा अर्जात लिहिला, तर समोरच्या वकिलांनी ‘म्हणजे जैसे थेच ना?’ असे विचारून खात्री करून घेतली.

उसाचा प्रश्न मात्र शब्दाच्या मुळाशी जाणारा आहे. ‘जैसे थे’ म्हणताना ‘जैसे’ म्हणजे कसे, हे सांगितलेले नसेल, तर आदेश दोन्ही बाजूंच्या हाती काठी देतो. ज्याचा ताबा आहे तो म्हणतो, ‘माझा ताबा तसाच राहणार’. ज्याचा नाही तो म्हणतो, ‘आता कोणीच पाय ठेवायचा नाही.’ परिस्थिती काय होती, हे न नोंदवताच ती कायम ठेवण्याचा आदेश करण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये किशोरकुमार खेतान यांच्या प्रकरणात नापसंती दाखवली होती. आपल्याकडच्या जमिनीच्या दाव्यांत हे जास्तच बोचते, कारण इथली ‘परिस्थिती’ हंगामानुसार हलते : आडसाली ऊस, मग खोडवा, मग मोकळे रान. आपल्या आदेशाचा अर्थ मी इथे बसून सांगणे योग्य नव्हे. आपल्या वकिलांमार्फत त्याच न्यायालयात अर्ज देऊन खुलासा मागावा, तोड कोणी करायची आणि बिलाची रक्कम कोठे जमा करायची हे लिहून घ्यावे. तोड लागल्यावर पळापळ करण्यापेक्षा ते आताच करावे.

उत्तर (पलूस, कृष्णाकाठचे शेतकरी)

कायद्याचा माणूस नाही, तरी एक उदाहरण जोडतो. आमच्या भागात पुराच्या चर्चेत ‘अलमट्टीच्या उंचीला कोर्टाची स्थगिती आहे’ असे वाक्य हमखास येते. मी त्याच्या मुळाशी गेलो. कृष्णा पाणीतंटा लवादाने ३० डिसेंबर २०१० च्या निवाड्यात कर्नाटकातील या धरणाची पाणीसाठ्याची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०११ रोजी केंद्र सरकारला सांगितले ते असे, की लवादाचा निर्णय पुढील आदेशापर्यंत राजपत्रात प्रसिद्ध करू नये. म्हणजे धरणाच्या उंचीविषयी त्या आदेशात थेट काही नाही. थांबली आहे ती प्रसिद्धी, आणि प्रसिद्धीवाचून निवाडा अंमलात येत नाही म्हणून उंचीही थांबते. परिणाम तोच, पण वाट वेगळी. वाट ठाऊक नसेल, तर उद्या नेमक्या कोणत्या बातमीने घाबरायचे हेही कळणार नाही. वकीलसाहेबांच्या खुणेने पाहिले, तर ही मनाई झाली काय?

उत्तर (सातारा, वकील)

होय, रूपाने ती मनाईच आहे : सरकारला उद्देशून आणि एका कृतीपुरती. परिणामाने ती स्थगितीचे काम करते, त्यामुळे बोलताना ‘स्थगिती’ म्हटल्याने फार बिघडत नाही. लिहिताना ‘प्रसिद्धीस मनाई’ असे लिहावे. माझी खूण अशा ठिकाणी थोडी तोकडी पडते, हे मान्य करतो.

राहिला ‘किती दिवस’ हा बाईंचा पहिला प्रश्न. ‘स्टे सहा महिन्यांत आपोआप उठतो’ ही समजूत अजून गावोगाव ऐकू येते. तिला आधार होता. एशियन रिसर्फेसिंग प्रकरणात २८ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की खटल्यांच्या कामकाजाला दिलेली स्थगिती सकारण आदेशाने वाढवली नाही, तर ती सहा महिन्यांनी संपेल. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी तो नियम मोडीत काढला. आता स्थगितीचा शेवट तिच्या आदेशातच वाचायचा : ‘पुढील तारखेपर्यंत’, ‘अपिलाच्या निकालापर्यंत’ की ‘पुढील आदेशापर्यंत’. नुसते अपील दाखल केल्याने हुकूमनामा थांबत नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत ते स्पष्ट लिहिलेले आहे, तरी ‘अपील केलंय, आता दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) कशी चालेल?’ असे विचारणारे पक्षकार आठवड्याला एक तरी भेटतात.

उत्तर (कराड, उपसंपादक)

‘तहकूब’ राहिला. सुनावणी तहकूब होते, स्थगित होत नाही; पण ‘सुनावणीस स्थगिती’ हा मथळा आमच्याच अंकात मी पाहिला आहे, आणि त्या दिवशी न्यायालयाने फक्त पुढची तारीख दिली होती.

आणखी एक निरीक्षण. आपल्या बोलीत स्टे ‘आणतात’, क्वचित ‘घेतात’, मनाई ‘होते’. हे ‘आणणे’ मुंबईहून येण्याच्या प्रवासातले असावे, असा माझा निव्वळ तर्क आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा आणि सांगलीसह सहा जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात बसू लागले, तरी परवा कराडच्या स्थानकावर एकजण फोनवर सांगत होता, ‘कोल्हापूरला चाललोय, स्टे आणायला.’

विचारणारी (मिरज)

खुलाशाचा अर्ज काल दिला. त्यात वकिलांनी ‘जैसे थे’ पुढे स्वल्पविराम देऊन ‘म्हणजे वादी क्रमांक २ यांची वहिवाट’ असे लिहिले आहे. त्यावर समोरच्या बाजूने म्हणणे देण्यासाठी मुदत मागितल्याने अर्जाची सुनावणी तहकूब झाली. भावाने मात्र फोनवर सांगितले, ‘अक्का, आपल्या अर्जाला स्टे मिळाला.’