फिजिशियन असिस्टंटच्या कोर्सबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही भांडुपला राहतो. भाची यंदा बारावी सायन्स झाली, नीटमध्ये एमबीबीएसपुरते गुण नाहीत. बाबांच्या बायपासच्या वेळी परळला एका फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करणारी प्रशिक्षित सहाय्यक) ताईने केसपेपरच्या मागे हृदय काढून कुठली नस बंद आहे ते आईला दाखवलं होतं. डॉक्टर घाईत, पण ती थांबली. तेव्हापासून भाचीला हेच करायचंय.

अमेरिकेत हे शिक्षण १९६५ पासून आहे, आपल्याकडे आरोग्यसेवेतल्या व्यवसायांच्या २०२१ च्या कायद्यातही या पदाचं नाव आहे. तरी घरचे म्हणतात, नर्सिंगच कर.

मुंबईत कुणी हे काम करतंय का? इंटर्नशिपमध्ये पेशंट तपासायला, ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहायला मिळतं, की नुसत्या फायली भरायच्या? कॉलेज निवडताना काय बघावं? प्लीज सांगा, फी लवकरच भरायची आहे.