अनेक थ्रेड्स असतील तर सिग्नल हँडलर लिहूच नये!

धागाकर्ता, इंदूर:
आज सकाळी छप्पन दुकानला पोहे खाताना सहकाऱ्याशी यावरून वाद झाला, म्हणून इथे मांडतो. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये इतरांसोबत चालणारा कामाचा धागा; सिग्नल म्हणजे चालू प्रोग्रॅमला येणारी सूचना, आणि तो आला की हातातलं काम मध्येच थांबवून चालणारं फंक्शन म्हणजे हँडलर. पिथमपूरच्या एका कारखान्यासाठी मशीनच्या नोंदी गोळा करणारा आमचा सी प्रोग्रॅम सिगटर्म (‘बंद हो’ सांगणारा सिग्नल) पाठवल्यावर कधी नीट बंद व्हायचा, कधी लटकायचा. तीन रात्री गेल्या. जीडीबी या डीबगरमध्ये दिसलं ते असं: हँडलर लॉग लिहायला मॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन) बोलावत होता, आणि सिग्नल आला तो थ्रेड आधीच मॅलॉकचं लॉक (एका वेळी एकानेच आत यावं म्हणून असलेलं कुलूप) धरून होता. स्वतःचीच वाट बघत बसला.

तेव्हापासून मी मेनमध्ये, पहिला थ्रेड सुरू होण्याआधी, पीथ्रेड_सिगमास्कने सिगटर्म, सिगइंट, सिगहप हे सिग्नल ब्लॉक करतो, म्हणजे रोखून ठेवतो. पुढचे थ्रेड तोच मास्क (रोखलेल्या सिग्नलांची यादी) घेऊन येतात. एक थ्रेड फक्त सिगवेटवर, म्हणजे रोखलेल्या सिग्नलची वाट बघत, बसतो. सिगवेट परतलं की आपण साध्या कोडमध्ये असतो. म्युटेक्स (लॉक) घ्या, लॉग लिहा, काही अडत नाही.

प्रतिसाद १:
दादा, तो सहकारी मीच. ‘लिहूच नये’ हे मला अजूनही पटत नाही. हँडलरमधून पाइपमध्ये (एका टोकाला लिहिलेलं दुसऱ्या टोकाला वाचता येतं) एक बाइट राइट करणं पूर्ण सुरक्षित आहे. आपला सर्व्हर ईपोलवर, म्हणजे अनेक फाइल-जोडण्यांवर एकाच लूपमधून लक्ष ठेवणाऱ्या लिनक्सच्या सोयीवर, चालतो. सिगवेटचा थ्रेड ठेवला तरी त्या लूपला उठवायला काहीतरी लागणारच. लिनक्सवर २.६.२२ पासून सिग्नल फाइलसारखा वाचू देणारं सिग्नलएफडी आहे, ते थेट ईपोलमध्ये बसतं. आणि सिगसेग्व्हीचं काय? चुकीच्या मेमरी-पत्त्याला हात लावल्यामुळे हा सिग्नल उठला आणि ब्लॉक असला, तर पुढे काय होईल याची पोसिक्स हे मानक हमी देत नाही. तिथे हँडलरच हवा.

धागाकर्ता:
सिगसेग्व्हीचं मान्य, शीर्षकात तेवढी सूट द्यायला हवी होती. पण सिग्नलएफडीलाही सिग्नल आधी ब्लॉक करावेच लागतात, म्हणजे माझी अर्धी पद्धत तू वापरतोच आहेस. पाइपचं म्हणशील तर एर्‌नो (शेवटच्या चुकीचा कोड) जपा, पाइप भरला तर अडकू नये म्हणून नॉनब्लॉकिंग ठेवा. हे तू सांभाळशील. सहा महिन्यांनी कुणी नवा त्याच हँडलरमध्ये एक प्रिंटएफ (छापायचं फंक्शन, मॅलॉकसारखंच तिथे धोक्याचं) घालेल, भीती त्याची आहे.

प्रतिसाद २:
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटली. ब्लॉक केलेला मास्क फोर्क (नवी प्रोसेस काढणं) आणि एक्झेक (तिच्यात दुसरा प्रोग्रॅम चढवणं) यांनंतरही तसाच राहतो. आमच्या प्रोग्रॅमने सुरू केलेला बॅकअप सिगटर्मने मरेचना. शेवटी सिगकिल (रोखता न येणारा सिग्नल) द्यावा लागला आणि फाइल अर्धवट राहिली. एक्झेकच्या आधी मास्क मोकळा करा.

धागाकर्ता:
ताई, हे आमच्याकडेही राहिलंय. आम्ही पोसिक्स_स्पॉन (फोर्क आणि एक्झेकचं काम एकत्र करणारं फंक्शन) वापरतो, त्याच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये मास्क देता येतो. आजच घालतो.